आधी म्हशी, मग माणसं

पहाटे ४ वाजून २० मिनिटं

गजर व्हायच्या आधीच जाग आली. पत्र्यावर रात्रभर एका लयीत वाजणारा पाऊस झोपेत ऐकू येत नाही, तो थांबला की डोळा उघडतो. बॅटरी घेऊन अंगणात आले. पाऊस थांबला होता, पण घरामागच्या ओढ्याचाही आवाज नव्हता. पंधरा दिवस हा ओढा खळाळत नदीकडं पळत होता, त्याच्या आवाजानं पोरांना अभ्यास सुचत नव्हता. आता तो गप्प. सासूबाई सांगायच्या, ओढा गप्प झाला की समजायचं, नदी ओढ्यात शिरली. पाणी पुढं जायचं थांबतं, मग फुगून मागं येतं. मोबाईलवर मेसेज यायच्या आधी आमच्याकडं पुराची पहिली बातमी येते ती अशी, काहीच ऐकू न येण्यातून.

आमचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठावर. मी गावातल्या महिला दूध संस्थेची सचिव. बी.कॉम. होऊन लग्न करून आले तेव्हा हिशेब येतो म्हणून बायकांनी खुर्चीत बसवलं, ती अजून उठलेली नाही. दूध पावसाला थांबत नाही. काही झालं तरी म्हैस दोन वेळा धारेला येते आणि संस्था दोन वेळा उघडावी लागते. ह्यांनी धार काढायला घेतली, मी छत्री घेऊन निघाले.

सकाळी ५.३०

संस्थेच्या भिंतीवर ऑइलपेंटनं ओढलेल्या तीन रेघा आहेत. सगळ्यात खालची २००५ ची. तिच्या बऱ्याच वर २०१९ ची आणि तिच्याही वर चार बोटं २०२१ ची. नवीन मुलं त्यांच्याखाली उभी राहून फोटो काढतात. मला त्या तीन रेघांतली खालचीच सगळ्यात जास्त खुपते. २०१९ च्या ऑगस्टात आम्ही तिच्यावर विसंबलो होतो. ‘पाच साली हितपतूर आलं हुतं, त्याच्या वर येत न्हाई,’ असं म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं आणि आम्ही ऐकलं. पाणी येताना रेघ बघत नाही. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ७ इंच झालं, दोन वर्षांनी ५६ फूट ३ इंच.

राजाराम बंधारा म्हणजे कसबा बावड्याचा. तिथं ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. कोल्हापूर जिल्ह्यात पावसाळ्यात हे दोन आकडे शाळेतल्या पोरालाही तोंडपाठ असतात. पण आकडा बंधाऱ्याचा असतो आणि उंबरा ज्याचा त्याचा. आमच्याकडं हिशेब असा: ४३ झाले की मळीच्या वाटेवर गुडघाभर पाणी. ४५ ला तळगल्लीतला पहिला गोठा. ४७ ला शहराकडं जाणारा रस्ता बंद. हा हिशेब कुठल्या कागदावर नाही. दोन महापुरांनी तो शिकवला आणि फी भरपूर घेतली.

काट्यापुढं रांग लागली. एरवी बायका किटली ठेवताना एकच विचारतात, ‘किती लागली?’ म्हणजे फॅट. आज दोन प्रश्न होते. ‘किती लागली?’ आणि लगेच, ‘किती झालं?’ म्हणजे पाणी. मी एका दमात उत्तर देत होते, ‘सात-दोन, आणि चाळीस फूट.’ एका नवीन सुनेला वाटलं तिच्या दुधालाच चाळीस काहीतरी लागलं. सगळी रांग हसली. तेवढंच हसू दिवसभरात.

सकाळी ७.४०

संघाची गाडी आली. ६४० लिटर. चालक म्हणाला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या चरी भरल्यात, पण डांबर कोरडं आहे. ‘संध्याकाळी येतो वहिनी. रातीचं मात्र सांगत न्हाई.’ त्यानं कॅन चढवताना एकदा नदीकडं बघितलं. पाणी पात्र सोडून उसात आलं होतं. तांबडं, जड, वर फेसाचे गोळे. लांबून ते हलत नाही असं वाटतं.

उसाची मला आज काळजी नव्हती. बुडख्यात पाणी असलं तरी ऊस तग धरतो, वरचा शेंडा हवेत आहे तोवर. पोंग्यात गढूळ पाणी शिरून गाळ बसला की मग तो आतून कुजतो. म्हशीला तेवढीही सवड नसते.

सकाळी ८.५०

मेसेज आला. सात वाजता पातळी ४० फूट २ इंच. त्याखाली पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची लांबलचक यादी, आणि शेवटी: राधानगरीचे दोन स्वयंचलित दरवाजे उघडले, वीजगृहासह विसर्ग ४३५६ क्युसेक.

शाहू महाराजांनी हाती घेतलेलं हे भोगावतीवरचं धरण. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात, कुणाच्या सहीची वाट बघत नाहीत. एका दरवाजातून १४२८ क्युसेक. क्युसेक म्हणजे काय ते मला बरीच वर्षं कळत नव्हतं. मग एकदा गणित केलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरच्या वर पाणी. आमचा दुधाचा कॅन ४० लिटरचा. म्हणजे राधानगरीचं एक दार उघडलं की दर सेकंदाला हजार कॅन नदीत ओतले जातात. तेव्हापासून बायकांना मी असंच सांगते. ‘दोन दारं उघडली’ म्हटलं तर त्या मान हलवतात. ‘सेकंदाला दोन हजार कॅन’ म्हटलं तर उठून गोठ्याकडं बघतात.

आणि हे फक्त भोगावतीचं. कासारी, कुंभी, तुळशी वेगळ्याच. प्रयाग चिखलीला सगळ्या एकत्र येतात आणि गुप्त सरस्वती धरून पंचगंगा होते. आमच्या अंगणात ऊन पडलेलं असताना आमच्याकडं पूर येतो, तो यामुळं. पाऊस पडलेला असतो गगनबावड्यात, आम्ही मोजत बसतो कोल्हापुरात.

सकाळी १०

पारावर चहा. विषय नेहमीचा, आलमट्टी. तात्या म्हणाले, कर्नाटकानं पाणी अडवलं म्हणून आमच्याकडं तुंबतं. त्यांचा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्यानं सांगितलं, २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं आलमट्टीच्या फुगवट्याला दोष दिलेला नाही. तात्यांनी समितीला चार शब्द सुनावले. तिसऱ्यानं महामार्गाचा भराव काढला, चौथ्यानं निळ्या पूररेषेच्या आतले प्लॉट. मी उठले. खरं तर मला प्लॉटवाल्याचं म्हणणं पटतं. नदीला पसरायला जी रानं होती तिथं आता पार्किंग आहे. पण आज कुणाचं खरं ते ठरवून तळगल्लीतली एकही म्हैस वर चढणार नव्हती.

नरसोबाच्या वाडीला ओळखीची एक बाई आहे, तिला मात्र फोन लावला. पंचगंगा तिथं कृष्णेला मिळते. मी विचारलं, कृष्णा कशी आहे? ‘चढतीच हाय आक्का. दक्षिणद्वार होऊन गेलं.’ म्हणजे देवळात उत्तरेकडून शिरलेलं पाणी दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं. भाविकांना त्या स्नानाचा योग, मला दुसरीच बातमी. खाली कृष्णा भरलेली असेल तर ती पंचगंगेचं पाणी घेत नाही. वरून येणारं येत राहतं, खालून जाणारं जात नाही.

सकाळी ११.१०

४१ फूट. सातला ४० फूट २ इंच होतं. चार तासांत दहा इंच, म्हणजे तासाला अडीच. फॅटच्या वहीच्या मागच्या पानावर मांडलं. ४३ ला अजून दोन फूट. याच चालीनं चढलं तर रात्री आठ-नऊला ४३, आणि पहाटे सहाच्या सुमाराला ४५. राधानगरीचं पाणी अजून वाटेत, ते वेगळंच. ४५ म्हणजे तळगल्लीतला पहिला गोठा, आणि वेळ अंधाराची.

ग्रामपंचायतीत गेले. सरपंच, तलाठी, पोलीस पाटील तिघं होते. (तलाठ्यांचं पद आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालंय, पण एवढं मोठं नाव घेईपर्यंत पाणी इंचभर चढेल.) सूचना निघाली होती, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, आवश्यकतेनुसार स्थलांतरित व्हावे. शाळेच्या खोल्या उघडल्या होत्या, सतरंज्या आल्या होत्या, पिण्याच्या पाण्याचा टँकर सांगितला होता. तलाठी म्हणाले, ‘दोनदा दवंडी दिली वहिनी, कोण हलंना.’

मी म्हटलं, साहेब, दवंडी माणसांना दिली. हलवायच्या आहेत म्हशी.

हे मी नवीन सांगत नाही. २०१९ ला बोट आली, जवान आले, हात धरून म्हाताऱ्यांना उचललं. बोटीत माणूस बसतो, म्हैस बसत नाही. आमच्या तळगल्लीतली माणसं शेवटच्या घटकेपर्यंत थांबली ती हट्टानं नाही, दाव्याला बांधलेली जनावरं समोर होती म्हणून. निघताना काहींनी विळ्यानं दावी कापली. म्हैस पोहते, गाईचं अवघड, वासराचं काहीच नाही. पाणी ओसरल्यावर दहा दिवसांच्या दूधबिलाचा कागद काढला. एकवीस नावांसमोर शून्य लिटर होतं. त्यातल्या काही बायकांना मी नंतर वर्षभर रांगेत बघितलं नाही.

म्हणून माझ्या टेबलाच्या खणात एक वेगळी वही आहे. तळगल्लीतली ३४ घरं, प्रत्येक घरात दूधती किती, गाभण किती, भाकड किती, वासरं किती, आणि कानातल्या बिल्ल्याचा बाराआकडी नंबर. शेवटच्या रकान्यात: वर कुणाकडं. माहेर, नणंद, मेहुणा, सोयरा. माळावरच्या गावांत ज्याचं त्याचं कुणीतरी असतंच. तलाठ्यांनी वही हातात घेतली, दोन पानं चाळली. म्हणाले, ‘आमच्याकडं माणसांची यादी आहे, अशी नाही.’ पोलीस पाटलांनी दोन छोटे हत्ती आणि एक मोठा टेम्पो फोनवर ठरवला. भाड्याचं कुणी काढलं नाही. मीही नाही.

दुपारी १२.३०

तळगल्ली. इथला चिखल वेगळाच असतो, चप्पल काढून हातात घ्यावी लागते. मुंग्या पांढरी अंडी घेऊन भिंतीवर चढत होत्या. एका दारात शेणी आणि जळण माळ्यावर टाकायचं काम चाललं होतं, म्हणजे मनातून सगळ्यांना कळलं होतं.

पहिल्याच घरी काकी. सत्तरीच्या, दोन म्हशी, दोन्ही दूधत्या.

‘काकी, वर न्यायच्या.’

‘कशाला? पाणी कुटं हाय?’

‘येईल पहाटे.’

‘आलं की बगू. गेल्या साली बी तू असंच हलवलंस. आलं का? हितं पायरीला सुदा लागलं न्हाई.’

खरं होतं. गेल्या वर्षी ४४ ला पाणी थांबलं आणि उतरलं. जागा बदलली की म्हैस पान्हा चोरते. नवा गोठा, नवा वास, रात्रभर दुसऱ्याच म्हशींचं हंबरणं. आठ लिटरची म्हैस तीनवर येते आणि परत आणली तरी चार दिवस सुधारत नाही. पन्नास रुपये लिटर धरले तरी एका म्हशीमागं हजार रुपये गेले. काकींच्या दोन, वर टेम्पोचं भाडं. त्यांचं दहा दिवसांचं बिल किती होतं ते मला माहीत आहे, मीच काढते. शहरातले लोक टीव्हीवर बघतात आणि म्हणतात, एवढं सांगूनही लोक घर का सोडत नाहीत. त्यांनी एकदा हे बिल बघावं. पाणी आलं तर सगळं जातं, आणि नाही आलं तरी हजार-दोन हजार जातातच. दर वर्षी, कधी दोनदा.

मी काकींना खोटं सांगितलं नाही. म्हटलं, नाही आलं तर तुमचं नुकसान आहे, मला माहीत आहे. पण आलं तर रात्री येणार, लाईट नसणार, आणि तुमचा मुलगा पुण्यात. म्हशींना कोण सोडणार? काकी काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, थोड्या वेळानं पेंडेचं पोतं ओढत बाहेर आल्या. ‘हे बी जाऊ दे संगं. त्येंच्या दारात उपाशी नगंत.’

मग पुढची घरं सोपी गेली. काकींच्या म्हशी निघाल्या म्हटल्यावर गल्ली निघाली. दवंडीनं जे झालं नाही ते एका पोत्यानं झालं. तीन घरं मात्र शेवटपर्यंत नाही म्हणाली. त्यांची नावं मी वहीत वेगळ्या पानावर घेतली, रागानं नव्हे, रात्री पहिला फोन कुणाला करायचा ते कळावं म्हणून.

दुपारी ३

४१ फूट ११ इंच. चाल किंचित वाढली होती.

म्हैस टेम्पोत चढवणं ही ताकदीची गोष्ट नाही. देवळामागं एक उंचवटा आहे, त्याला टेम्पो पाठीमागून चिकटवून लावायचा, म्हणजे हौदा आणि जमीन एका पातळीत येते आणि चढायचं उरत नाही, नुसतं चालायचं राहतं. हौद्यात वैरण पसरायची, नाहीतर ओल्या पत्र्यावर खूर घसरतो. पुढं पहिल्यांदा म्हातारी, शांत म्हैस घालायची, बाकीच्या तिच्यामागं येतात. बुजरी असेल तिच्या डोळ्यांवर पोतं. तरुण पोरं आरडाओरडा करत शेपट्या पिरगाळायला लागली, त्यांना बाजूला काढलं आणि ज्यांच्या त्या बायकांना बोलावलं. मालकिणीनं नाव घेऊन हाक मारली की जनावर निम्मी भीती सोडतं.

एकच अडली. एक गाभण, आठवड्यावर आलेली, कास उतरलेली. तिला हौद्यात इतरांसोबत दाटीत घालायची नव्हती. जनावरांचे डॉक्टर आले होते, त्यांनी पोटावर हात ठेवून बघितलं, म्हणाले, एकटीलाच न्या आणि हळू न्या. शेवटी तिची वेगळी खेप झाली. तिची मालकीण हौद्यात तिच्याजवळ उभी राहून गेली, एक हात म्हशीच्या पाठीवर, एक हात टेम्पोच्या दांडीला, डोक्यावर खताची रिकामी पिशवी.

खेपा चालू असताना मी एकेका बिल्ल्याचा नंबर वहीशी ताडून बघत होते. जनावर वाहून गेलं की पंचनाम्याला दाखवायला काही उरत नाही. निदान ते होतं याचा कागद हवा.

खालच्या मळीच्या वाटेवर तोवर पाणी आलं होतं. पावसानं पुन्हा धरलं. त्या पाण्याच्या कडेला दोघी-तिघी उभ्या होत्या, नारळ, खण, हळदकुंकू घेऊन, नदीची ओटी भरायला. आषाढात नवं पाणी आलं की कोल्हापुरात वाजतगाजत कलश भरून त्र्यंबोलीला नेतात, पी-ढबाकच्या ठेक्यावर. तेच पाणी वाटेवर आलं की आम्ही त्याला ‘आता जा’ म्हणून ओटी देतो.

संध्याकाळी ५.४५

संध्याकाळचं संकलन. लाईट गेलेली, काटा बॅटरीवर. सकाळच्या रांगेतल्या निम्म्या बायका नव्हत्या. म्हशी माळावर, त्यांचं दूध आज त्या गावच्या संस्थेत पडणार होतं, ज्याच्या त्याच्या सोयऱ्याच्या नावावर. तिथल्या सचिवाला मी दुपारीच फोन करून नावं दिली होती, हिशेब वेगळा ठेवा म्हणून. यात पुढं भांडणं होतात, नणंद-भावजयीची तर हटकून.

एकूण २३० लिटर. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: जनावरे हलवली.

गाडी आली, पण चालक उतरला नाही. ‘पटकन द्या वहिनी, पुलाजवळ चरीतलं पाणी डांबराला लागलंय.’

संध्याकाळी ७.३०

४२ फूट ८ इंच. शाळेत गेले. चौथीच्या वर्गात काकी सतरंजीवर बसल्या होत्या, फळ्यावर अजून भागाकार होता. म्हशी गेल्यावर माणसांना हलवायला कुणाला काही सांगावं लागलं नव्हतं. गल्ली आपणहून वर आली होती, भांडी, गॅसची टाकी, देव्हारा, पोरांची दप्तरं घेऊन. तलाठी दारात यादीवर खुणा करत होते. मला बघून हसले फक्त.

काकींनी विचारलं, ‘धार निघाली का त्येंची?’ फोन लावून दिला. पलीकडून उत्तर आलं, एकीनं दोन लिटर दिलं, दुसरीनं लाथ मारली.

रात्री १०.१५

४२ फूट ११ इंच. दुपारी चार तासांत जे अकरा इंच चढलं, ते संध्याकाळी नऊवर आलं आणि आता पावणेतीन तासांत तीनच. चाल मंदावली होती. गगनबावड्यातल्या एका ओळखीच्या माणसानं सांगितलं, इकडं उघडलंय, चांदणं दिसतंय. राधानगरीचं एक दार बंद झाल्याचा मेसेजही आला.

जी तीन घरं नाही म्हणाली होती त्यांना फोन केले. दोन घरांत जाग होती. तिसऱ्यानं उचलला नाही, मग हे बॅटरी घेऊन बघून आले. घोरत होता.

रात्री ११.३०

पुन्हा ४२ फूट ११ इंच. स्थिर.

अंथरुणावर पडले आणि फोन वाजला. शाळेतून, काकी.

‘आक्का, पाणी थांबलं म्हंत्यात.’

‘हो काकी, सध्या थांबलंय.’

‘बरं झालं.’ मग थोडा वेळ नुसता श्वास. ‘त्ये टेम्पोचं भाडं कुणी द्याचं?’

मी म्हटलं, झोपा, सकाळी बघू. उठून दिवा लावला, वही उघडली आणि मागच्या पानावर, सकाळच्या फूट-इंचांच्या गणिताखाली लिहिलं: छोटा हत्ती, दोन, मिळून अकरा खेपा. मोठा टेम्पो, तीन. गाभण म्हैस, वेगळी, एक.